मिरजेचा तानपुरा : तीन वर्षं चार महिने वापरल्यानंतर

घेतलेली वस्तू : चार तारांचा लेडीज तानपुरा, काळी चारचा (पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्याचा सा). मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका जुन्या दुकानातून, गवसणीसकट ३८,००० रुपयांना. वापर : रोज पहाटे पाऊण तास, बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात.

मी गायिका नाही. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले, मग कॉलेज, लग्न आणि नोकरीत ते सुटलं. तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. देव मानत नाही. कुणाला दुखवायला हे सांगत नाही, पण त्याशिवाय हा तानपुरा मला काय देतो ते सांगता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मैफलीसाठी तानपुरा हवा असेल तर एखाद्या गवयाला विचारा. पण माझ्यासारखं कुणी असेल, देवापुढे हात जोडले जात नाहीत आणि तरी सकाळी उठल्यावर काहीतरी हवंसं वाटतं, असं कुणी, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निमित्त शेजारच्या काकूंचं. परवा जिन्यात भेटल्या. फुलांची परडी हातात होती. म्हणाल्या, "तू पूजा करत नाहीस, उपासतापास करत नाहीस, आणि पहाटे साडेपाचला इतक्या नेमानं बसतेस. मग ते काय गं? तुझं अध्यात्म तरी काय?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मला धड उत्तर देता आलं नाही. "बसते आपली," असं काहीतरी म्हणून वर आले, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

आधी वस्तूबद्दल सांगते, म्हणजे उत्तरही त्यातूनच सापडेल.

मिरजेला मी भावाबरोबर गेले. तो पुण्याला असतो. दुकानात शिरल्या शिरल्या लाखेचा वास येतो, आणि मान वर केली की माळ्यावर भोपळेच भोपळे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, कडू जातीचे, खायचे नव्हेत. वेलावरच पुरते जून होऊ देतात आणि मग वाळवतात. दुकानातल्या वयस्कर कारागिरांनी तीन-चार भोपळे बोटाच्या पेरानं वाजवून दाखवले. एक बद्द वाजला, एक टणटणीत. "आवाज आधी ह्याच्यात असतो, ताई. आम्ही नंतर येतो," ते म्हणाले. दांडी आणि भोपळ्यावर बसवलेली तबली तुणीच्या लाकडाची. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पूर्वी हस्तिदंताची असायची, आता हाडाची किंवा शिंगाची करतात. माझी हाडाची आहे.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. हत्यारं घासूनपुसून धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता स्वतः घडवायला सुरुवात केली, आणि पुढे ते घराणं सतारमेकर म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी घेतला तेव्हा ते नव्हतं. हातात धरल्यावर ते नसल्यानं काही फरक पडला असंही नाही.

आम्हा बडोदेकरांना मिरज परकी वाटू नये याला आणखी एक कारण आहे. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब आधी बडोद्याच्या दरबारात होते. इथल्या माने सरदारांच्या घरातल्या ताराबाईंशी त्यांचं सूत जुळलं, दोघांनी बडोदं सोडलं, आणि पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. त्यांची मुलगी हिराबाई. आईच्या गावावरून त्या बडोदेकर झाल्या. खाँसाहेबांचे तानपुरे कसे लागलेले असायचे याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर, एका लहानशा स्टेशनात त्यांना बरं वाटेनासं झालं. त्यांनी तानपुरा जुळवायला सांगितला, दरबारी रागात प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. मी प्रार्थना करत नाही. पण शेवटच्या घटकेला आधी तानपुरा जुळवून घ्यावासा वाटणं मला पुरतं समजतं.

आता एक तक्रार. दुकानदारांनी दहादा बजावलं होतं, "ताई, सोबत घेऊन जा, पार्सल करू नका." मी ऐकलं नाही. गाडीतली गर्दी, दोन ठिकाणी चढउतार, माझी कंबर, असा सगळा विचार करून एका माल पोचवणाऱ्या कंपनीकडे दिला. दुकानदारांनी लाकडी खोकं करून, आत गवताचा भर घालून दिला होता. नऊ दिवसांनी आला तो खोक्याची एक फळी मोडलेली आणि भोपळ्याला वितीच्या आत पण चांगला बोटभर लांब तडा गेलेला. आणून देणारा मुलगा म्हणाला, "अंदर का हमको क्या मालूम." कंपनीला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्या दिवशी मी जमिनीवर तानपुऱ्याशेजारी बसून रडले. वस्तूसाठी इतकं रडायला येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढे जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज खुलवायला, आलेल्या कारागिरांनी आतून कापडाची पट्टी सरसानं चिकटवून तडा बसवला आणि वरून लाख दिली. आता दिसत नाही, पण अंगठा फिरवला की कळतो. रोज फिरवते. तर घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : तानपुऱ्याचंही तिकीट काढा, पण सोबत आणा.

जवारीबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण या वस्तूत जे काही आहे ते तिथे आहे.

तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी सूक्ष्म उतार असतो, नखानं जाणवेल न जाणवेल इतका. तार कंपताना त्या उतारावर टेकते, उठते, परत टेकते. आणि तारेच्या खाली, तार आणि घोडी यांच्यामध्ये, एक दोरा सरकवलेला असतो. साधा सुती दोरा, आपल्या शिवणाच्या रिळातला चालतो. तो दोरा बोटाच्या टोकानं केसभर पुढेमागे सरकवायचा. एका जागी तार मुकी असते, टप् करून थांबते. जरा पुढे नेलं की कर्कश, डबा वाजवल्यासारखी. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे. तिथे दोरा आला की तार उघडते. नुसता षड्ज, म्हणजे सा, राहत नाही, त्याच्यातून बारीक झरे सुटावेत तसे स्वर निघायला लागतात, वरचा षड्ज, पंचम (प), आणि मग, सगळं नीट असेल तर, गंधार (ग).

हा गंधार कुठल्याही तारेला लावलेला नसतो. माझ्या चार तारा म्हणजे पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि पितळेचा खर्ज, म्हणजे खालचा सा. गंधाराची तारच नाही. तरी तो ऐकू येतो, स्पष्ट, मधोमध, कुणी मागच्या खोलीत गुणगुणावं तसा. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

मी वर्गात हे फळ्यावर काढून दाखवायचे. तार नुसती अख्खी कंपत नाही, ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कंपते. काळी चारच्या खर्जाची कंपनं सेकंदाला साधारण १०४. त्याची पाचपट म्हणजे सुमारे ५१९, तोच हा गंधार. घरात पेटी असेल तर एक प्रयोग करून बघा. तानपुऱ्यातला गंधार नीट कानात बसला की पेटीवर त्याच सप्तकातली पांढरी एक दाबा. पांढरी सहा ४४० कंपनांना लावलेल्या पेटीवर ती ५२३ला बोलते. दोन्ही स्वर एकमेकांना धडकतात आणि सेकंदाला साधारण चार हेलकावे ऐकू येतात. पेटीचा गंधार किंचित चढा आहे. तारेतला बरोबर आहे. तो कुणी ठरवलेला नाही, तारेला पाचानं भाग जातो म्हणून तो तिथे आहे. माणसाच्या आधीपासून, कुठलीही तार ताणली गेली की तो तिथे असणारच होता.

आणि जवारीचं वैशिष्ट्य असं की जे स्वर नियमानं उमटायला नकोत तेही ती उमटवते. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा (तारेच्या भागांतून निघणाऱ्या स्वराचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा जुना नियम आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा तपासून दाखवलं की या वाद्यांत तसं होत नाही, आणि त्याचं कारण ही घोडी आहे. कुणा कारागिरानं शेकडो वर्षांपूर्वी कानानं शोधलेली गोष्ट. मी हे दरवर्षी शिकवत होते, पण घरात तानपुरा नव्हता. साखर कशी विरघळते ते शिकवावं आणि चहा कधी प्यालाच नसावा, तसं ते होतं, हे तानपुरा घरी आल्यावर कळलं.

आमच्या घरी देवघर होतं ते आईचं. ती शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. लाकडी देव्हारा, पितळी बाळकृष्ण, टाक, शंख. ती पूजा करायची, मी फुलं आणून द्यायची, आणि आमच्यात त्यावरून कधी वाद झाला नाही. तानपुरा घरी आला तेव्हा तिला चौऱ्याऐंशीवं चाललं होतं. पहिले काही महिने मला तो धड लावता येत नव्हता. अर्धा तास नुसत्या खुंट्या पिळण्यात जायचा. ती जप करत बसलेली असायची, काही बोलायची नाही. एका सकाळी दोरा बरोबर जागेवर आला. मी डोळे मिटून छेडत होते. आईचा जप थांबला.

"कोण गातंय मागं?" ती म्हणाली.

"कुणी नाही, आई. गंधार आहे. स्वयंभू."

"स्वयंभू? म्हणजे आपल्या गावच्या महादेवासारखा?"

मी तिला समजावून सांगितलं. तार, भाग, पाचपट. ती ऐकून घेत होती, पण कान तानपुऱ्याकडे होता. मग म्हणाली, "पाचपट म्हण नाहीतर महादेव म्हण. तू तारा लावल्या नसत्यास तर ऐकू आला असता का?"

"नाही."

"मग तुझी सेवा पोचली."

मी त्यावर काही बोलले नाही. 'सेवा' हा शब्द माझा नव्हता आणि अजूनही नाही. पण त्या दिवसापासून ती सकाळी आधी विचारायची, "आला का गं आज?" आणि गंधार आला की मगच जप पुरा करायची. तिच्या शेवटच्या आजारपणात तिला देव्हाऱ्यापर्यंत जाता येईना. तेव्हा मी तानपुरा तिच्या खोलीत नेऊन बसायची. ती डोळे मिटून पडून असायची आणि गंधार आला की तर्जनी जराशी उचलायची. मला अजून ऐकू आलेला नसतानाही कधीकधी तिचं बोट उचललं जायचं. तिचा कान माझ्याहून चांगला होता.

ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. देव भावानं पुण्याला नेले, तेच योग्य होतं. तो मनापासून पूजा करतो. देव्हाऱ्याचा कोपरा महिनाभर रिकामा होता. भिंतीवर धुपाचा काळसर पट्टा तसाच आहे, मी तो रंगवून घेतला नाही. तानपुरा तिथे ठेवायचं मी ठरवलं नव्हतं. पावसाळ्यात खिडकीकडून ओल यायला लागली म्हणून हलवला आणि चुंबळ त्या कोपऱ्यात बरोबर बसली. आता तो तिथेच असतो.

काकूंचा प्रश्न इथे येऊन थांबतो. अध्यात्म म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बुवा, शिबिरं, कपाळावरचं गंध असं काहीबाही येतं. आई रोज गीतेचा एखादा अध्याय म्हणायची. आठव्या अध्यायात अर्जुन सरळच विचारतो, अध्यात्म म्हणजे काय? उत्तर दोन शब्दांत आहे : स्वभाव, तेच अध्यात्म. त्यावर भाष्यकारांनी काय काय लिहिलंय त्यात मी पडत नाही. पण मला तो शब्द पटतो. वस्तूचा स्वभाव, तारेचा स्वभाव, माझा स्वभाव. तो काय आहे ते स्वच्छ ऐकू येईपर्यंत नीट लावत बसायचं.

आणि बडोद्यात राहून ही गोष्ट परकी वाटायचं कारणच नाही. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली. तीच आजची आपल्या विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सुरसागराजवळची. मौलाबक्षांच्या घरात त्यांचा नातू वाढला, इनायत खान, जन्म १८८२, बडोद्याचाच. वीणा वाजवायचा. १९१० साली तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या लोकांना, जे चर्चमध्ये जात नव्हते आणि तरी काहीतरी शोधत होते अशांना, सूर आणि सूफी विचार यांतून एक वाट दाखवली. त्यासाठी धर्म बदलायची किंवा सोडायची अट नव्हती. पश्चिमेत आज असंख्य लोक 'आम्ही धार्मिक नाही, आध्यात्मिक आहोत' असं म्हणतात. त्या म्हणण्याच्या मुळाशी जी काही माणसं आहेत त्यांतला एक आपल्या गावच्या गायनशाळेत शिकलेला होता. मांडवीवरून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर श्रीअरविंद निवास आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. इंग्लंडात शिकताना आपण काही काळ अज्ञेयवादी होतो असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. जानेवारी १९०८मध्ये ते पुन्हा बडोद्याला आले तेव्हा विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यानं मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत त्यांना तीन दिवस बसवलं. सांगितलं एवढंच की विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधी परतवून लाव. लेले भक्तिमार्गी होते, त्यांना वेगळंच काही घडेल असं वाटत होतं. घडलं ते निराळं, नुसतं निःशब्द मन. मला या गोष्टीत नेहमी हे आवडतं की गुरूला काय मिळालं आणि शिष्याला काय मिळालं हे वेगळं निघालं. आई आणि मी तशाच होतो.

मी बसते तेव्हा काय होतं? विचार थांबत नाहीत. मला तीन दिवसांत काय, तीन वर्षांतही ते जमलेलं नाही. पण खर्ज लावताना शेवटी तारेतला, स्वर बारीक जुळवायचा मणी सरकवायचा असतो, गव्हाच्या दाण्याच्या अर्ध्याइतका. त्या क्षणी दुधाचं बिल, गुडघा, मुलाशी फोनवर झालेली बोलाचाली, काहीच मनात राहू शकत नाही. राहिलं तर खर्ज लागत नाही. इतकं ते सरळ आहे. आणि गंधार माझ्यासाठी येत नाही. मी दुःखात आहे म्हणून तो आज जरा लवकर येईल, असं होत नाही. त्याच्याकडे काही मागता येत नाही, त्याला नवस बोलता येत नाही. तारा जुळल्या तर येतो, नाही तर नाही. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बसले. हात थरथरत होते. चाळीस मिनिटं लागली, पण आला. तो जसा रोज असतो तसाच होता. त्या दिवशी जगात काहीतरी कालच्यासारखंच आहे, एवढंच मला हवं होतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, कारण ती कबूल न करणारे आमच्यातलेच खूप आहेत. आई आजारी असताना भजनी मंडळाच्या बायका रोज आळीपाळीनं यायच्या. एकीनं वरणभात आणला, एकीनं तिचे पाय चेपले, एक नुसतीच शेजारी बसून वाती वळायची. ती माणसं तिला देवानं दिली होती, असं ती म्हणायची. मी म्हणेन, एकत्र बसण्याच्या सवयीनं दिली होती. पण देव न मानणाऱ्यांकडे ती सवयही राहत नाही, हे खरं आहे. मला उद्या काही झालं तर माझा गंधार डबा घेऊन येणार नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून रविवारी पहाटे दार उघडं ठेवते. कुणाला आमंत्रण नाही, कुणाला बंधन नाही. फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी येते, वरच्या मजल्यावरचे एक आजोबा येतात, गुजराती आहेत, कानाला यंत्र लावतात, पण घोडीजवळ तळवा टेकवून बसतात आणि म्हणतात की हाताला ऐकू येतं. अर्धा तास कुणी बोलत नाही. मग चहा आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरची सेव-उसळ. मागच्या महिन्यात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब घालायला ती मुलगी चार दिवस जात होती. मी तिला सांगितलं नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी तुलना बरेच जण विचारतात. माझ्याकडे पंधरा वर्षं तो होता, अजून आहे, आणि फोनमध्येही एक ॲप आहे. रियाजासाठी उत्तम. पट्टी हवी ती मिळते, उतरत नाही, प्रवासात पिशवीत मावतो. ज्याला फक्त गायचं आहे त्यानं खुशाल तोच घ्यावा, ३८,००० घालवू नयेत. पण तो चालू केला की तो वाजतो आणि मी भाजी निवडू शकते. या तानपुऱ्यापुढे भाजी निवडता येत नाही. माझ्यासाठी सगळा फरक एवढाच आहे.

देखभाल जड आहे, हे आधी सांगितलेलं बरं. बडोद्याच्या मे महिन्यात ऊन बेचाळीसच्या वर जातं तेव्हा लाकूड आटतं आणि खुंट्या आपोआप सैल होऊन तारा उतरतात. खुंटीला फळ्यावरचा खडू घासला की धरते. पावसाळ्यात उलटं, खुंट्या फुगून इतक्या घट्ट बसतात की जोर लावला तर मोडतील. त्या दिवसांत गवसणीत घालून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवते आणि उघडा पडला की कोरड्या मलमलीनं पुसते. पितळेची तार सहा महिन्यांत काळवंडते, मग आवाज मंदावतो. बदलायला वेळ लागत नाही, पण नवीन तार आठवडाभर उतरत राहते, तेवढा धीर हवा. वर्षातून एकदा जवारी काढून घ्यावी लागते.

जवारी काढायला मिरजेचे एक कारागीर वर्षाकाठी बडोद्याला फेरी मारतात, दहा-बारा घरं करतात. माझ्याकडे पूर्ण दुपार देतात, १,५०० रुपये घेतात. कानशीनं घोडीवर एक हात मारायचा, फुंकर घालायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, उतरवायच्या, परत कानस. असं पंधरा-वीस वेळा. मागच्या खेपेस मध्येच नमाजाची वेळ झाली. त्यांनी विचारलं, "ताई, कुठे बसू?" मी देव्हाऱ्याचा कोपरा दाखवला. तानपुरा त्या वेळी बाहेरच्या खोलीत त्यांच्या हत्यारांजवळ होता, म्हणून कोपरा मोकळा होता. नमाज झाल्यावर येऊन त्यांनी कानसही न उचलता दोरा जरासा सरकवला, तार छेडली आणि म्हणाले, "उघडली." आणि खरंच उघडली होती.

गुण द्यायचे तर आवाजाला पाचपैकी पाच, बांधणीला साडेचार, कारण चौथी खुंटी पहिल्यापासून जरा कुरकुरते. दुकानाच्या सेवेला पाच. पोचवण्याच्या व्यवस्थेला शून्य, पण तो दुकानाचा दोष नाही.

मिरजेला जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी गल्लीत ठोकाठोक वाढते आणि ऐकायला येत नाही. आपली पट्टी आधी नक्की करून जा. निदान पाच तानपुरे वाजवून बघा, आणि रंगकाम, नक्षी, हस्तिदंती दिसणारी फुलं यांकडे बघू नका. दुकानदारांना म्हणा, "खर्ज एकटा छेडा." डोळे मिटा. गंधार आला तर तो घ्या. आला नाही तर घाई करू नका, चहा प्या, पुन्हा ऐका.

काकूंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. या रविवारी या म्हटलंय. देवपूजा आटोपून सहाला येते म्हणाल्या. पहिली तार त्यांच्याच हातानं छेडायला लावणार आहे. कालपासून पंचम उतरतोय आणि खडू संपलाय, तेवढा शनिवारपर्यंत आणायला हवा.